साडेबारा किलोमीटर

आमच्या घराण्यात कोणी कधी धावल्याचे ऐकिवात नाही. व्यापारी माणूस बसतो. पणजोबांनी भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांचे दुकान मांडले, तेव्हापासून चार पिढ्या आम्ही गादीवर बसत आलो. गिऱ्हाईक चालत येते, माल हातगाडीवरून येतो, वसुलीला मुनीम जातो. घाई करणाऱ्याला सौदा साधत नाही, हे आजोबांचे ठाम मत. तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षी पहाटे पाच वाजता बूट बांधून मी वैनगंगेच्या रस्त्याला लागलो, त्याचे बाजारात नवल झाले ते साहजिकच होते. कोणी म्हणाले साखर वाढली असेल, कोणी म्हणाले डॉक्टरांनी घाबरवले असेल. खरे कारण मी सांगत नव्हतो. ते कारण पुण्याला अकरावीत शिकत होते.

२०२२ चे पर्युषण आटोपून क्षमावाणीही झाली होती. लेक धाकट्या भावाकडे राहून पुण्यात शिकत होती. क्षमावाणीचा म्हणून तिचा फोन आला आणि क्षमा मागून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला एनडीएची परीक्षा द्यायची आहे."

त्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ही परीक्षा देण्याची वाट मोकळी केली होती आणि २०२२ च्या उन्हाळ्यानंतर पहिल्या १९ मुली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाल्या होत्या. वर्तमानपत्रात ती बातमी मीही वाचली होती आणि 'छान झाले' म्हणून पान उलटले होते. दुसऱ्याच्या मुलींविषयीच्या बातम्या आपल्याला फार लवकर छान वाटतात.

घरात चर्चा झाली. तिला चर्चा म्हणावे की नाही, कोण जाणे. पत्नी एवढेच म्हणाली, "आधी तिचे ऐकून तर घ्या." भाऊ फोनवर गप्प राहिला. बोलली ती आई. आईचा स्वाध्याय चाळीस वर्षांचा. तिला भावनेने जिंकता येत नाही आणि शास्त्राने तर नाहीच. ती म्हणाली, "संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आहेत. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच. उरलेल्या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, म्हणून त्या शक्य तेवढ्या कमी करायच्या. घरावर, धर्मावर, देशावर कोणी चालून आला तर विरोधी हिंसा गृहस्थाला वर्ज्य नाही, हे मला ठाऊक आहे. पण संकट आले म्हणून सामोरे जाणे निराळे आणि तीच आपली आजीविका म्हणून निवडणे निराळे."

हे सारे मी लेकीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आजीचे बरोबर आहे. पण संकट आल्यावर ऐन वेळी सामोरे जायचे, ते कोणी शिकवलेच नसेल तर कसे जायचे? आणि श्रवणबेळगोळला आपण कोणी उभारलेल्या मूर्तीपुढे हात जोडतो, बाबा?"

२०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही सगळे गेलो होतो, त्याचा हा टोला होता. गोमटेश्वराची ती विराट मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी करणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. समरपरशुराम, वीरमार्तंड अशी त्याची बिरुदे. मूर्तीच्या पायाशी त्याचे नाव सांगणारी जी मराठी ओळ कोरलेली आहे, ती आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक म्हणून शाळेत शिकवतात. लेकीला तिथे उचलून मी ती अक्षरे दाखवली नव्हती, एवढेच. पण 'पाहा, आपली मराठी' असे म्हटले होते खरे. आईपर्यंत हे उत्तर पोचवले तेव्हा ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "मूर्ती सेनापतीची नाही, युद्ध जिंकून ते टाकून देणाऱ्याची आहे. हे तिला सांग."

दोघींमध्ये मी टपालवाला झालो होतो.

आमच्या घराला हा प्रश्न खरे तर नवा नव्हता. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी १९६४ साली आली. त्या काळी नव्या कारखान्याभोवती धंद्याच्या पुष्कळ वाटा उघडत होत्या. आजोबांपुढेही कोणी पुरवठ्याच्या कामांची गोष्ट काढली होती, असे वडील सांगत. आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि वसाहतीतील घरांना भांडी विकायची, कारखान्याच्या कामात हात घालायचा नाही, असे ठरवले. अनर्थदंडाच्या पाच भेदांत हिंसादान येते: हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. आजोबा त्या एका शब्दाला अडले. मग वसाहतीतील कुटुंबे आमची गिऱ्हाइके झाली. लग्नसराईत गुंड, घागरी, परात, गंज त्यांच्याकडे आमच्या दुकानातून गेले. त्या निर्णयाचा आम्हाला अभिमान होता. लेकीने त्यालाही हात घातला. रसायनशास्त्राच्या पुस्तकातून वाचून तिने सांगितले की सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त या मिश्रणाला इंग्रजीत काडतुसाचे पितळ असेच नाव आहे. "म्हणजे धातू तोच, बाबा. गुंड झाला तर आपला, दुसरे काही झाले तर दुसऱ्याचा." यावर मला उत्तर सुचले नाही. पुढेही सुचलेले नाही.

मी पुण्याला जाऊन तिला समजावणार, हे तिने ओळखले असावे. दिवाळीनंतर तिने कळवले की डिसेंबरात तिथे सैन्याची धाव आहे आणि तिने तिच्याबरोबर माझेही नाव घातले आहे. "तुम्ही नाही म्हणायलाच येणार ना? या. माझ्याबरोबर धावा आणि मग नाही म्हणा."

ही धाव म्हणजे सैन्याच्या दक्षिण कमांडची विजय रन. कमांडचे मुख्यालय पुण्यात. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानच्या सुमारे ९३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली, त्या विजय दिवसाच्या स्मरणार्थ कमांडच्या अनेक शहरांत ती भरवतात. सैनिकासाठी धावा, सैनिकासोबत धावा, असे तिचे आवाहन. सर्वांसाठी खुली धाव साडेबारा किलोमीटरची, शाळकरी मुलांसाठी आणि महिलांसाठी त्याहून छोट्या. बाजारात सगळे 'सेठजी मॅरेथॉन धावणार' म्हणू लागले. मॅरेथॉन हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. नगरपालिकेची तीन किलोमीटरची फेरीसुद्धा मॅरेथॉनच असते. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणभूमीवरून विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावलेल्या दूताच्या आख्यायिकेवरून ती आली, म्हणजे मुळातच ती शिपायाची धाव आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले ती धावले आणि एकोणिसावे आले. आणि बिहारचे शिवनाथ सिंह, सैन्यातलेच, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून अकरावे आले. दोन वर्षांनी जालंधरला त्यांनी दोन तास बारा मिनिटांचा जो भारतीय विक्रम केला, तो चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. 'अनवाणी' हा शब्द वाचून आईने चष्मा काढला. "विहार करणाऱ्या महाराजांची आठवण झाली," म्हणाली. तेव्हापासून माझ्या धावण्याला तिचा विरोध उरला नाही. लेकीच्या परीक्षेला होताच.

माझ्यापुढे सहा आठवडे होते. पहिल्या दिवशी खांब तलावाला एक फेरी घालताना धाप लागून काठावर बसलो. बुटांची गोष्टही सांगण्यासारखी आहे: दुकानदाराला मी तीन वेळा विचारले की यात कातडे नाही ना. त्याने तीन वेळा नाही म्हटले आणि चौथ्यांदा मी विचारण्याआधी बूट कापून दाखवू का, असे विचारले. दुसऱ्या आठवड्यात मी कारध्याच्या जुन्या पुलापर्यंत जाऊ लागलो आणि तिथे मला भरतीची मुले भेटली.

विदर्भातील कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे ही मुले दिसतात. मी चार पिढ्या तिथे राहून ती पाहिली नव्हती, कारण त्या वेळी आम्ही झोपलेले असतो. रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली, एकाच्या हातात मोबाईलचे घड्याळ. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. पाच-सहा सेकंद जास्त लागले तर गुण कमी, आणखी थोडे लागले तर बाहेर. कोणाच्या पायात बूट, कोणी चपला काठावर काढून ठेवलेल्या. त्यांतील एक जण दिवसा धानाच्या गिरणीत पोती वाहत होता. त्याने पहिल्याच दिवशी मला विचारले, "शेटजी, तुम्ही कायले धावता जी?"

मी म्हटले, "मुलीने नाव घातले आहे."

"आमचं नाव कोनी घालत नाही, आमालेच घालावं लागते," तो हसून म्हणाला आणि रेघेवर जाऊन उभा राहिला.

त्या वर्षी जूनमध्ये अग्निपथ योजना आली होती. चार वर्षांची नोकरी, त्यांतून चौथा हिस्सा पुढे कायम. करोनामुळे दोन वर्षे भरतीच झाली नव्हती, म्हणून एकवीसची वयोमर्यादा त्या एका वर्षापुरती तेवीस केली होती. या मुलाचे तेवीसावे सरत आले होते. पाच मिनिटे चाळीस सेकंदांच्या खाली तो येत नव्हता. मी रोज त्याची वेळ विचारू लागलो. सेकंद सुटावेत म्हणून तो काय करीत असे, ते पाहून मला माझ्या धावण्याची थोडी लाज वाटे. घरी आम्ही 'आपली मुलगी सैन्यात कशी पाठवायची' यावर शास्त्र काढून बसलो होतो आणि इथे पुलावर कोणाची तरी मुले त्याच सैन्यात घ्यावे म्हणून दम तुटेपर्यंत धावत होती. आमच्यापुढे निवड होती. हे मला आधी कळायला हवे होते.

डिसेंबरात वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. आईने डब्यात दशम्या, चटणी, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की दिली.

रेसकोर्सवर अंधारातच गर्दी लोटली होती. बँड वाजत होता; टी-शर्टांवर क्रमांक टाचलेली शाळकरी मुले, गणवेशातील जवान, निवृत्त अधिकारी, कॉलेजातल्या मुली. माझ्या मनात मात्र एकच हिशेब चालला होता. आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्न-पाणी नाही आणि सकाळीही सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, झाल्याशिवाय नाही. डिसेंबरात पुण्याचा सूर्योदय सातच्या सुमाराचा. म्हणजे पाऊण-आठपर्यंत थेंब नाही. लेक म्हणाली, "बाबा, आजचा दिवस सूट घ्या, प्रायश्चित्त घेऊ." मी म्हटले, पाहू.

पहिले दोन किलोमीटर ती माझ्यासोबत राहिली. मग मीच म्हटले, जा. ती गेली. छावणीतल्या त्या रुंद, झाडांच्या रस्त्यावर तिची वेणी गर्दीत दिसेनाशी झाली तेव्हा मला एकदम खूप एकटे वाटले. एवढे तिला पुण्याला शिकायला सोडले तेव्हाही वाटले नव्हते.

पाचव्या-सहाव्या किलोमीटरवर घसा पूर्ण सुकला. पाण्याच्या टेबलाशी एका जवानाने पेला पुढे केला. मी घड्याळ पाहिले आणि मान हलवली. माझ्या बाजूने संथपणे धावणारा दुसरा एक जवान, बोलण्यावरून बुलढाण्याकडचा, म्हणाला, "काका, उपास आहे का?" मी दोन वाक्यांत नियम सांगितला. मला वाटले तो हसेल. तो म्हणाला, "मग बोलू नका, नाकाने श्वास घ्या, तहान कमी लागते." आणि माझा वेग धरून तोच बोलत राहिला. सियाचिनला राहून आला होता. तिथे चहूकडे बर्फ असतो आणि पाणी नसते. बर्फ स्टोव्हवर वितळवायचा, रॉकेल जपून वापरायचे, पाणी मोजून प्यायचे. "आमचा पण नियमच असतो, काका. फक्त घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं." एवढे बोलून त्याने माझ्या घड्याळाकडे बोट दाखवले. सात वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. पुढच्या टेबलाशी मी पाणी प्यालो. ते गाळलेले नव्हते, एवढी सूट मी घेतली.

त्या जवानाला घरी कोण आहे, असे मी विचारले. आई आहे, म्हणाला. ती काय म्हणते? "काही म्हणत नाही. फोन उचलते."

शेवटचे दोन किलोमीटर मी बरेचसे चाललो. लेक बऱ्याच आधी पोचून, तोंड धुऊन, कडेच्या दोरीशी उभी होती. परतताना रिक्षात तिने मला अरुण खेत्रपालांची गोष्ट सांगितली. जन्म पुण्याचा, एनडीएतून गेलेला, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत सेकंड लेफ्टनंट. १६ डिसेंबर १९७१ ला, ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी, बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन तो मेला. परमवीरचक्र. वय एकवीस. मी विचारले, "हे मला आत्ता का सांगतेस? मी हो म्हणावे म्हणून सांगायची ही गोष्ट नाही."

ती म्हणाली, "हो म्हणायचे असेल तर हे ठाऊक असून म्हणा."

मी नाही म्हणायला गेलो होतो. नाही म्हटले नाही. हो म्हणालो, असेही आठवत नाही. परीक्षेचे शुल्क भरावे लागेल का, असे विचारले. मुलींना ते माफ असते, म्हणाली. व्यापाऱ्याच्या घरात संमती अशा वाटेने येते.

पुढे तिने बारावीत लेखी परीक्षा दिली. पहिल्या खेपेला राहिली, दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. मुलाखतीसाठी भोपाळच्या निवड मंडळाचे बोलावणे आले. पाच दिवसांचे ते प्रकरण असते, अडथळे, गटचर्चा, मानसशास्त्राच्या चाचण्या. ती भंडाऱ्याहून निघाली त्या दिवशी आईने तिच्या पिशवीत घडी घातलेले पांढरे फडके ठेवले. पाणी गाळायचे. काही बोलली नाही, शास्त्रही काढले नाही. फडके ठेवले आणि देवघरात गेली.

निवड झाली नाही. फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला हंडा दाखवत होतो. "ठीक आहे," म्हटले आणि वजनाचा काटा चुकीचा वाचला. गिऱ्हाइकानेच दुरुस्त केले. ज्या गोष्टीसाठी मी सातशे-आठशे किलोमीटर जाऊन तिला परावृत्त करणार होतो, ती गोष्ट न झाल्याचे मला इतके लागावे, याचा हिशेब अजून जुळलेला नाही. आई म्हणाली, "आता ती सुटली." मग थोड्या वेळाने, "फार रडली का?"

लेक आता पुण्यात विज्ञानाच्या पदवीला आहे, एनसीसीत आहे. पदवीनंतर सैन्याची दुसरी परीक्षा असते, असे ती बोलता बोलता सांगून गेली आहे. मी काही म्हटलेले नाही.

२४ जानेवारी २०२५ ची सकाळ जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले, आठ कामगार गेले. सीमेपासून इतक्या दूर, आमच्या भाताच्या आणि पितळेच्या जिल्ह्यात. आम्ही दुकानाचे शटर अर्धे ओढले. संध्याकाळी आईने विचारले, "त्यांच्यापैकी आपले गिऱ्हाईक कोणी होते का?" मी जुन्या वह्या काढल्या, नावे पडताळली. कोणी नव्हते. नव्हते म्हणून बरे वाटायला हवे होते. आईलाही तसे वाटले नाही, मलाही नाही. तिने त्या रात्री नेहमीपेक्षा बराच वेळ णमोकाराचा जप केला. आजोबांच्या त्या निर्णयाबद्दल आम्ही दोघेही त्या दिवशी बोललो नाही. तो चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. पण त्याचा अभिमान पूर्वीसारखा करता येत नाही. आपण ज्यात हात घातला नाही, त्यात कोणाचे तरी हात होतेच.

३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, खडकवासल्याहून बाहेर पडली. घरात टीव्हीवर ते संचलन लागले होते. आई पाहत होती. लेकीचा फोन आला, पण ती वेगळ्याच विषयावर बोलली, पावसाळ्याआधी हॉस्टेल बदलायचे म्हणून.

मी अजून कारध्याच्या पुलापर्यंत जातो. वेग वाढलेला नाही. तो गिरणीतला मुलगा भरती झाला नाही; वय निघून गेले. पण पहाटे तो येतो. आता चुन्याची रेघ तोच मारतो आणि नव्या मुलांच्या वेळा मोबाईलवर तोच मोजतो. मी पोचलो की माझीही वेळ सांगतो, न विचारता.

"शेटजी, कालच्यापेक्षा बारा सेकंद जास्त," परवा म्हणाला.

मी म्हटले, "वारा होता."

"वारा सगळ्यायले असते जी," तो म्हणाला आणि पुढच्या मुलाला हात केला.